जुन्या अमेरिकन शाळांमधल्या मुलींची वॉटरकलर्स: सगळ्यांत तीच कबर, तेच झाड का?

रंगपेटी:
सध्या मुलीकडे कनेक्टिकटला आलेय. परवा इथल्या एका म्युझियममध्ये १८००च्या आसपास शाळकरी मुलींनी केलेली वॉटरकलर्स बघितली. कबर, वर अस्थिकलश, बाजूला विलोचं झुकलेलं झाड आणि रडणारी बाई, अशी चार चित्रं जवळजवळ सारखी. रंग इतके नाजूक लावलेत की तिथून पाय निघेना, पण सगळं बघूनच काढलं असेल तर मुली शिकल्या काय? कुणाला माहितीय का?

जलरेषा:
हो ताई, बघूनच काढायच्या, तेव्हाची पद्धतच ती. डिसेंबर १७९९ मध्ये अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन वारले आणि या शोकचित्रांची लाटच आली, छापील चित्र समोर ठेवून मुली ते रेशमावर भरायच्या नाहीतर कागदावर रंगवायच्या. मग घरातलं कुणी गेलं की त्यांच्यासाठीही तसंच, कबरीवर नाव तेवढं वेगळं. तुम्ही तिथेच आहात तर कनेक्टिकटमधल्याच लिचफिल्ड गावाला जाच. सारा पिअर्स यांनी १७९२ मध्ये तिथे मुलींची शाळा काढली, १८३३ पर्यंत चालली. भूगोल, इतिहास सगळं शिकवायचे, मुली नकाशेसुद्धा हाताने काढून वॉटरकलरने रंगवायच्या.

ओलाकागद:
बघून काढलं म्हणून कमी लेखू नका प्लीज. मी बरीच वर्षं वॉटरकलर करतोय, एकसारखा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, द्यायला हात किती बसावा लागतो ते मला विचारा. आणि त्यांचे रंग म्हणजे कडक वड्या, लंडनच्या रीव्हज बंधूंनी १७८०च्या सुमाराला आणलेल्या, त्या पाण्यात घासून रंग सोडवायचा, ट्यूब वगैरे तेव्हा नव्हत्याच. पुढे मखमलीवर स्टेन्सिलने फळंफुलं करायची टूम आली, त्यात शेजारशेजारचे आकार एकाच स्टेन्सिलमध्ये कापायचे नाहीत, आणि जवळपास कोरडा रंग कडेकडून आत टिपत न्यायचा की द्राक्षाला गोलाई येते. हे शिक्षणच आहे.

जलरेषा:
अजून एक, प्रसिद्ध अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरचे पहिले धडे आईकडचे, हेन्रिएटा होमर. हौसेने पण फार छान वॉटरकलर करायची ती. १८७३ मध्ये होमर वॉटरकलरकडे मनापासून वळला ना, मला तर त्यात आईचा हात दिसतो.

रंगपेटी:
आईचं हे माहीतच नव्हतं! शनिवारी मुलीला घेऊन लिचफिल्डला जातेय, ते नकाशे बघायचेच आहेत.