मदत हवी आहे: घरगुती होमस्टेमधलं पाणी आणि कचरा, पाहुण्यांना न दुखावता कसं सांगावं?

नमस्कार मंडळी,

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, मागे नारळी-पोफळीचं आगर आणि आगरात विहीर. सहा वर्षांपूर्वी दोन खोल्या पाहुण्यांसाठी तयार केल्या, नंतर पडवीलगतची तिसरी. घरात सासूबाई, आम्ही दोघं, आणि मदतीला वाडीतल्या एक काकू. धंदा बरा चालतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता शिमगा तोंडावर आहे, मग पाडवा, मग मे महिना, आणि यंदा मला गेल्या वर्षीसारखं व्हायला नको आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेल्या मे महिन्यात चौदा जणांचा एक गट तीन रात्री राहिला. माणसं खरंच छान होती, जाताना सासूबाईंच्या पाया पडून गेली. त्यानंतर मी आणि काकूंनी खोल्या आवरल्या आणि पाण्याच्या बाटल्या मोजल्या. ५३ भरल्या. त्यातल्या दहा-बारा तर अर्ध्याच प्यायलेल्या. ते उरलेलं पाणी एकेक झाकण उघडून आम्ही माडाच्या आळ्यात ओतत बसलो होतो.

आमच्याकडे घंटागाडी आठवड्यातून एकदा येते, ओलं-सुकं एकत्रच नेते, आणि पुढे त्याचं काय होतं ते सड्यावरच्या धुरावरून कळतं. पूर्वी आम्हीही आगराच्या कोपऱ्यात जाळायचो. सासूबाईंच्या काळात जाळायला असायचं काय, तर पातेरा आणि झावळ्यांचे तुकडे. खड्डा तोच राहिला आणि त्यात वेफर्सची पाकिटं पडायला लागली. तो वास पोफळीत भरून राहायचा. दोन वर्षांपूर्वी मी जाळणं बंद केलं आणि तेव्हापासून गोठ्यात गोणी साठतायत.

कायद्याचं म्हणाल, तर थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे चमचे वगैरे राज्यात २०१८ पासून बंद आहेत, आणि केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासून आहे. पण केंद्राच्या त्या यादीत पाण्याची बाटली नाही, वेफर्सचं पाकीटही नाही. आमच्या दारात नेमकं तेच येतं.

दुसरं पाणी. कोकणात एवढा पाऊस, मग टंचाई कशी, असं पाहुणे विचारतात. जांभ्यातून पाणी झिरपून निघून जातं, धरून राहत नाही, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. आमच्या विहिरीला आत उतरायला दगडी पायऱ्या आहेत. दिवाळीत वरच्या दोन दिसतात. मे अखेरीस चौदावी दिसते. गेल्या वर्षी पंधरावी दिसली आणि पाणी मचूळ लागायला लागलं. समुद्र जवळ असला की विहीर फार उपसल्यावर हे होतंच, पण आमच्या घरात सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता तांब्या खाली ठेवला.

त्यानंतर मी शॉवरखाली सोळा लिटरची बादली धरून मोबाईलवर वेळ लावली. दीड मिनिटात भरली. म्हणजे दहा मिनिटं अंघोळ केली तर शंभर लिटरच्या वर. समुद्रावरून आल्यावर वाळू घालवायला एक, संध्याकाळी एक, सकाळी एक. आमच्याकडे न्हाणीत तांब्याचा बंब आहे, नारळाच्या सोडणांवर आणि करवंट्यांवर पेटतो, बादलीभर कढत पाण्यात दोन माणसांची अंघोळ होते. पण शॉवर हवाच, म्हणून बसवला.

तिसरी गोष्ट लिहायला अवघड वाटते, पण लिहिते. गेल्या मे महिन्यातच शौचालयाची टाकी तुंबली. उपसायची गाडी येईपर्यंत दोन दिवस गेले, तेवढे दिवस एक खोली बंद. पाइपातून निघाले ते ओले वाइप्स, दोरखंडासारखे पीळ पडलेले, आणि लहान मुलाचे दोन डायपर. ते टाकणाऱ्या आईला तरी कुठे टाकायचं हे आम्ही सांगितलं होतं का? नव्हतं. न्हाणीघरात झाकणाचा डबासुद्धा नव्हता. ती चूक माझी.

पाट्या लावून पाहिल्या. ‘पाणी जपून वापरा’, ‘प्लास्टिक टाळा’. कोणी वाचत नाही, आणि जो वाचतो त्याला घरी आल्यासारखं वाटत नाही. एकदा एका पाहुण्यांना तोंडी म्हटलं, की शॉवरऐवजी बादली घ्याल का. त्यांनी घेतली, पण नंतर ऑनलाइन दोन तारे दिले आणि लिहिलं की पैसे घेऊन पाणी मोजतात. ते वाचून मला रात्रभर झोप नव्हती. आपल्याकडे दारी आलेल्याला आधी पाणी विचारतात. त्याच घरात पाणी कमी वापरा म्हणायचं, हे तोंडातून निघत नाही.

तर विचारायचं ते असं. पाहुण्यांना विहिरीचं पाणी विश्वासाने पिता यावं म्हणून नेमकं काय बसवावं? (त्यांची भीती मी खोटी म्हणत नाही. बाहेरच्या पाण्याने पोट बिघडलेली माणसं आहेत ती.) साठलेल्या गोणींचं काय करावं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं सांगायचं कधी आणि कोणत्या शब्दांत? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, पाण्याचं मी सांगतो, नोकरी त्यातच गेली. आधी तपासणी, मग यंत्र. दुकानदार पहिल्यांदा आरओ दाखवेल. तो घेऊ नका. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुतेक मृदू असतं, त्यात विरघळलेले क्षार कमी. आरओ क्षार काढण्यासाठी असतो आणि ते करताना बरंच पाणी नाल्यात सोडतो. टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तिथे आरओ लागत नाही, राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये हेच म्हटलं होतं. टीडीएस मोजायचं पेनासारखं मीटर मिळतं, स्वस्त असतं. तुम्ही ते महिन्यातून एकदा विहिरीत बुडवा आणि आकडा वहीत लिहा. मे महिन्यात आकडा चढायला लागला की समुद्र आत येतोय, उपसा कमी करायचा. जीभ सांगण्याच्या आधी मीटर सांगेल.

तुमच्याकडे धोका आहे तो जंतूंचा, विशेषतः पावसाळ्यात. त्याला गाळणी आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील किरणांचा दिवा) पुरतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, नमुना द्या आणि अहवाल पिण्याच्या पाण्याशेजारी भिंतीवर लावा. पाटी कोणी वाचत नसेल, पण तारीख आणि शिक्का असलेला कागद शहरातला माणूस वाचतोच. एक मात्र पाहा, शोषखड्डा किंवा शौचालयाची टाकी विहिरीच्या किती जवळ आहे? ते लिहिलं नाहीत.

प्रतिसाद

मी पुण्याची, वर्षातून दोनदा तरी कोकणात येते, म्हणून पाहुण्याच्या बाजूने लिहिते. आम्हाला कळलेलं चालतं, पण उशिरा कळलेलं चालत नाही. बॅग ठेवून, दमून, अंगाला वाळू लागलेली असताना बादलीचा विषय काढलात तर कुणालाही टोचेल. तेच खोली ठरवताना व्हॉट्सअॅपवर सांगा, की आमच्याकडे पिण्याचं पाणी गाळून माठात असतं, बाटल्या विकत नाही, तुमची बाटली घेऊन या, आम्ही भरून देऊ. ज्यांना नको ते दुसरीकडे जातील आणि दोन तारेही दुसरीकडे देतील.

आणि बंब! तुम्ही तो लपवताय असं वाटलं वाचून. धुराचा वास असलेलं कढत पाणी, तांब्याची घंघाळं, त्यासाठी तर आम्ही येतो हो. शॉवर राहू दे, पण पहिल्या दिवशी न्हाणीत घंघाळं भरून ठेवून पाहा.

खोलीत एसी असेल तर तो २४ वर ठेवून रिमोट हातात द्या. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईई, म्हणजे केंद्राची ऊर्जा बचतीची संस्था, सांगते. पण कौलारू खोलीला एसीआधी चांगला पंखा आणि खिडकीला जाळी हवी. डासांमुळे खिडकी बंद होते, खिडकी बंद झाली की एसी लागतो.

प्रतिसाद

मी मालवणकडचा, माझ्याकडे चार खोल्या आहेत. वाइप्सचं सेम टू सेम भोगलंय. प्रत्येक न्हाणीघरात पायाने उघडणारा झाकणाचा डबा आणि त्यावर जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्यांचा गठ्ठा, एवढं केल्यापासून टाकी तुंबली नाही. तोंडाने काही सांगावं लागत नाही. लाजेची वस्तू असते, ती गुंडाळायला कागद समोर दिसला की माणूस गुंडाळतो. कमोडच्या वर चित्र लावा, अक्षरं नकोत.

नळांना आणि शॉवरला जाळीचं तोंड बसवा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. धार तेवढीच वाटते, पाणी कमी जातं. आणि न्हाणीचं सांडपाणी केळी-अळवाला सोडलंत ना? तेवढं तरी वाया जायला नको, पण साठवून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी वास मारतं.

माशांचे काटे, उरलेला भात माडाच्या आळ्यात हातभर खोल पुरा आणि वर जांभ्याचा चिरा ठेवा, नाहीतर कुत्री उकरतात. सोडणं खतात घालू नका, वर्षभर तशीच राहतात. बंबालाच बरी.

प्रतिसाद

‘कोणत्या शब्दांत सांगावं’ याबद्दल थोडं. तुमच्यापासून मंडणगड तालुक्यातलं वेळास गाव लांब नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि पुढे गावातली घरंच पाहुण्यांची निवासं झाली. मी तिथे दोनदा राहिलोय. पहाटे किनाऱ्यावर जाताना शंभर माणसं होती, पण कुणाचा टॉर्च पेटला नाही. कारण निघण्याआधी सांगितलं होतं, की पिल्लू वाळूतून वर आलं की जिकडे उजेड दिसेल तिकडे चालतं, आणि अंधाऱ्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ असतो तो समुद्र. तुमचा टॉर्च पेटला तर ते तुमच्याकडे येईल. एवढंच. ‘टॉर्च लावू नका’ असं कुणी म्हटलंच नाही.

तुमच्याकडे विहीर आहे. पाहुणे आले की चहा झाल्यावर आगर दाखवायला न्या आणि त्या पायऱ्या दाखवा. दोन ताऱ्यांवर झोप घालवू नका. तांब्या खाली ठेवलेला तुम्ही जसा इथे लिहिलात तसाच त्यांना सांगा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पाडव्याची सुट्टी होऊन गेली, म्हणून काय केलं ते लिहिते.

शोषखड्ड्याचं विचारलंत ते बरं झालं. दोरी धरून मोजलं, विहिरीपासून साधारण साठ फूट, पण उताराच्या वरच्या अंगाला. पावसाआधी तो खालच्या अंगाला, आगराच्या दुसऱ्या टोकाला हलवतोय, गवंडी ठरला आहे. पाण्याचा नमुना दिला आहे. अहवाल येईपर्यंत पाणी उकळून, वाळ्याची जुडी घालून माठात ठेवते. बाटल्या विकणं बंद केलं. आधीच व्हॉट्सअॅपवर कळवलं, त्यावर एका कुटुंबाने नकार दिला, बाकी दोन आली. अकरा माणसं, तीन रात्री. बाटल्या सात, त्याही प्रवासात घेतलेल्या.

बंबाबद्दल पुण्याच्या ताईंचं खरं निघालं. आलेल्या पाहुण्यांमधल्या आजोबांनी स्वतः सोडणं घालून बंब पेटवला आणि नातवंडांना रांगेने अंघोळी घातल्या. शॉवर सुरू होता, पण फारसा वापरला नाही कुणी.

विहिरीवर घेऊन गेले. मला वाटलं होतं मी सांगेन, पण सासूबाईच बोलल्या. सातवी पायरी उघडी होती. त्या म्हणाल्या, ‘ही चैत्रातली पायरी. अजून दोन महिने काढायचे आहेत, तुम्हालाही आणि आम्हालाही.’ दुसऱ्या दिवशी समुद्रावरून आल्यावर सगळ्यांनी पाय अंगणातल्या घंघाळात धुतले आणि ते पाणी अळवात ओतलं. मी काही बोलले नव्हते.

डबे आणि कागदी पिशव्या ठेवल्या, टाकी ठीक आहे. पण डायपर आता डब्यात येतात आणि तिथून पुढे कुठे न्यायचे हा प्रश्न तसाच आहे. पुरायचे नाहीत, जाळायचे नाहीत. गोठ्यातल्या गोणी एकवीस झाल्या आहेत, त्यातल्या बाटल्यांच्या नऊ. भंगारवाला म्हणतो एवढ्यासाठी गाडी परवडत नाही, तीस-चाळीस गोणी एकत्र असतील तर येईन. दापोली, मंडणगड किंवा गुहागर भागातले कोणी होमस्टेवाले हा धागा वाचत असतील तर कृपया तुमच्याकडे किती गोणी आहेत ते लिहा. मे महिन्याच्या आधी एक फेरी ठरवता येईल. माल आमच्या अंगणात आणून टाकलात तरी चालेल, जागा आहे. आणि डायपर, पॅड यांचं कोणी काही नीट बसवलं असेल तर तेही सांगा.