स्टाईल थेट जावास्क्रिप्टमधून बदलावी का? माझं मत : नाही

पंचवटीकर :
गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक एकच विचारतं, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? माझ्या शिकवणीच्या मुलांना सरावाला तसंच वेबपान दिलंय. पातळीचा आकडा टाकला की पट्टी चढते, धोक्याला लाल होते. बहुतेकांनी रंग जावास्क्रिप्टच्या कोडमध्येच `पट्टी.स्टाईल.बॅकग्राउंडकलर` असा थेट लिहिला. मला हे पटत नाही. अशी स्टाईल इनलाइन, म्हणजे थेट त्या पट्टीवरच लिहिलेली, होते आणि स्टाईलशीटमधल्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधल्या) साध्या नियमांना जुमानत नाही. उद्या डार्क मोडसाठी वेगळा लाल हवा झाला की सगळीकडे `!इम्पॉर्टंट`, म्हणजे 'हाच नियम वरचढ' अशी खूण, पेरत बसायचं. रंग सीएसएसमध्येच ठेवा, कोडने फक्त `धोका` हा क्लास (सीएसएसचे नियम ज्या नावाने लागू होतात ते नाव) लावावा नि काढावा.

सिडकोवाला :
ताई, पट्टीची उंची ३७ टक्के, मग ३८, मग ४१. प्रत्येकाला क्लास करणार का? आकडा चालू असताना ठरतो, तिथे इनलाइनच लागते. शिवाय नवख्या मुलाला एका ओळीत पडद्यावर बदल दिसतो, त्याने हुरूप येतो.

पंचवटीकर :
उंचीचं मान्य. पण तिथेही `स्टाईल.सेटप्रॉपर्टी` वापरून पट्टीवर `--पातळी` एवढंच व्हेरिएबल (आकडा साठवणारं नाव) द्या, उंची सीएसएस ठरवेल. रंगाचं तसं नाही. एका मुलाने पट्टी लाल आहे का, हे बघायला `गेटकम्प्युटेडस्टाईल` (ब्राउझरने शेवटी लावलेली स्टाईल सांगणारं फंक्शन) वापरलं आणि उत्तर 'रेड'शी ताडून पाहिलं. ब्राउझर तोच लाल आकड्यांत देतो, `आरजीबी(२५५, ०, ०)`, त्यामुळे अट कधी खरी होईना. पोरगं तासभर अडकलं. `क्लासलिस्ट.कन्टेन्स('धोका')`, म्हणजे हा क्लास लागलाय का, असं विचारलं असतं तर प्रश्नच नव्हता.

सिडकोवाला :
ही चूक तुलना करण्यातली आहे, स्टाईल थेट लिहिण्यातली नाही. धोका आहे की नाही ही अवस्था वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवली असती तरी भागलं असतं.

इंदिरानगर :
क्लास वापरला की पान आपोआप वेगवान होतं, असंही मुलांना सांगू नका. लूपमध्ये एकदा स्टाईल बदलायची, लगेच `ऑफसेटहाइट` (पडद्यावरची उंची) वाचायची, असं केलं की ब्राउझरला दर फेरीला मांडणी नव्याने मोजावी लागते. क्लास बदलूनही तेच होतं. आधी सगळं वाचा, मग लिहा. आणि पट्टी लाल झाली की शेजारी 'धोका' हा शब्दही उमटवा, लाल-हिरवा फरक न दिसणारे लोक असतात.

सिडकोवाला :
शब्दाचं सोळा आणे खरं. पण पहिल्या आठवड्यात मी `स्टाईल.कलर`च शिकवणार. क्लास दुसऱ्या आठवड्यात, डार्क मोड करायला दिला की.