सापाच्या विषावर पॉलिमर चालते काय?

आशाताई, केळापूर तालुका:
निंदण-फवारणीच्या दिवसांत साप चावल्याचे पेशंट येतच राहतात आमच्याकडे. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासूनचं, कुणाकुणाला रिॲक्शन येते. लेकीच्या एमएस्सीच्या वहीत ‘रेणूचा ठसा घेतलेलं पॉलिमर’ वाचलं. ते विष धरून ठेवते म्हणे. खरं आहे काय?

रसायनवाले सर, वर्धा:
ताई, विष धरते हे खरं, पण सापाच्या विषापर्यंत अजून पोचायचं आहे. पकडायचा रेणू मधे ठेवून भोवती मेथॅक्रिलिक ॲसिडसारखे मोनोमर, म्हणजे साखळीचे छोटे रेणू, जुळवतात, क्रॉसलिंकर या साखळ्या जोडणाऱ्या रसायनानं घट्ट बांधतात (हेच पॉलिमर), मग तो रेणू धुऊन काढतात. ओल्या वावरात बैलाचा खूर उमटावा तशी खाच राहते, त्यात तोच रेणू नीट बसतो. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ केनेथ शिया यांच्या गटानं २०१० मध्ये अशा पॉलिमरचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, उंदरांना देऊन मधमाशीच्या विषातलं मेलिटिन रक्तातच पकडलं. पण मेलिटिन फक्त २६ अमिनो आम्लांचं, म्हणजे प्रथिनाच्या २६ दुव्यांचं, छोटंसं. घोणसाच्या विषात मोठमोठी प्रथिनं, तीही कितीतरी प्रकारची. अवघड तिथंच आहे.

लॅबवाला, यवतमाळ:
तपासणीत मात्र हे लवकर कामी येईल. १९९३ मध्येच स्वीडनला रसायनशास्त्रज्ञ मोसबाख यांच्या गटानं रक्तद्रवातलं थिओफायलिन, दम्याचं औषध, अशाच पॉलिमरनं मोजून दाखवलं. हे पॉलिमर उष्णता सोसते, फ्रीज लागत नाही. २०१७ ची फवारणीची विषबाधा आम्ही पाहिली आहे. रक्तातलं कीटकनाशक ओळखणारी अशी पट्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात हवीच!

आशाताई:
म्हणजे साप चावला तर आजही प्रतिविषच ना?

रसायनवाले सर:
हो ताई. थेट दवाखाना, मांत्रिक नाही.