‘जुरासिक’चा पुढचा सिनेमा: बेटावर की वावरात?

वरुडचा संत्रेवाला

परवा इथं दारव्ह्याच्या टी-रेक्सभाऊंनी लिहिलं की ‘जुरासिक’ मालिकेतल्या २०२२ च्या ‘डोमिनियन’चा टोळांनी सत्यानाश केला, २०२५ च्या ‘रीबर्थ’नं मालिका परत बेटावर नेली ते फार बरं झालं, आणि यापुढं ती तिथंच राहावी. माणसं पळावीत, डायनासोर मागं लागावेत, शेती-बियाण्याचं प्रवचन कुणाला पाहिजे? खाली सगळ्यांनी ‘बरोबर’, ‘बरोबर’ करून ठेवलंय. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून लांब लिहितो.

मे २०२० मध्ये टोळधाड आली तेव्हा आम्ही वरुड-मोर्शीकडचे लोक काय भोगत होतो ते आधी ऐका. लॉकडाऊन लागलेलं. आंबिया बहराच्या संत्र्याची बारकी फळं झाडावर. संध्याकाळी टोळ बागेत उतरले आणि फांदी दिसेना. थाळ्या, टिनाचे डबे, जे हाती लागेल ते बडवत आम्ही रात्र काढली. दोन वर्षांनी अमरावतीला भाच्यासोबत ‘डोमिनियन’ पाहिला. त्यात टोळ एका शेतातलं पीक सफाचट करतात आणि बाजूच्या शेताला तोंडही लावत नाहीत, कारण तिथं बायोसिन कंपनीचं बियाणं पेरलेलं असतं. थेटरात लोक हसत होते. माझ्या अंगावर काटा आला.

१९९३ च्या पहिल्या सिनेमात तरी खरी भीती कशाची होती? कंपनीला वाटत होतं की सगळं आपल्या मुठीत आहे. सगळ्या माद्याच जन्माला घातल्या म्हणजे पिल्लं होणार नाहीत. बेडकाच्या डीएनएनं तो हिशोब मोडला, आणि एका माणसानं पैशासाठी वीज बंद केली. तयार केलेली वस्तू फाटकाबाहेर गेली की भरपाई कोण देणार, हा या मालिकेचा मूळ प्रश्न. बेटावर मरणारे लोक आपल्या पायानं तिथं गेलेले असतात. शेतातल्या माणसाला कुणी विचारलेलंच नसतं.

‘रीबर्थ’ म्हणतो, डायनासोर आता फक्त विषुववृत्ताच्या पट्ट्यात उरलेत आणि तिथं जायला बंदी आहे. अरे, जायला बंदी, पण तिथं राहणाऱ्यांचं काय? कोलंबिया, काँगो, इंडोनेशिया, याच पट्ट्यात येतात ना? एवढ्या सिनेमात तिथला एक शेतकरी तरी दिसतो का? समुद्र, बेट, औषध कंपनीची बोट आणि होडी उलटलेलं एक कुटुंब. पुढचा सिनेमा त्या पट्ट्यातल्या गावात व्हायला पाहिजे. हे माझं म्हणणं.

टी-रेक्स दारव्हा

काका, बागेचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं. पण तुमचं नुकसान झालं म्हणून सिनेमा चांगला ठरत नाही. टोळ आणले, बरं. मग निस्तरले कसे? बायोसिनचा शास्त्रज्ञ डॉक्टर वू एक टोळ तयार करतो, तो सोडतो, टोळांत रोग पसरतो, संपलं. जगाच्या अन्नावर आलेलं संकट शेवटच्या पाच मिनिटांत मिटवलं. याला तुम्ही शेतकऱ्याची गोष्ट म्हणता?

पहिल्या सिनेमात दोन तासांत डायनासोर जेमतेम पंधरा मिनिटं दिसतात, तरी धाक शेवटपर्यंत. ग्लासातलं पाणी थरथरतं तेव्हाच आपण गार झालेलो असतो. स्टॅन विन्स्टनच्या माणसांनी टी-रेक्स यंत्रानं बनवला, खराखुरा, पावसात भिजणारा. तो धाक परत आणा एवढंच मी म्हणतोय. डेव्हिड केपनं पहिले दोन सिनेमे लिहिले होते, त्यालाच ‘रीबर्थ’साठी परत बोलावलं. नदीतल्या तराफ्यामागं टी-रेक्स लागतो तो प्रसंग मायकेल क्रायटनच्या मूळ कादंबरीतला. तीस वर्षं तो कुणी घेतला नव्हता. तो पाहून थेटर चिडीचूप झालं होतं. रस्ता हाच आहे.

पऱ्हाटी राळेगाव

संत्रेवाले भाऊ, मी तुमच्याच जातीचा, म्हंजे शेतकरी. तरी मी दारव्हेवाल्याच्या बाजूनं हाये. दिवसभर बोंडं फोडून अळी पाहाची, अन् संध्याकाळी यवतमाळले जाऊन, तिकीट काढून पुन्हा किडेच पाहाचे? कायले? १९९४ ले हिंदीतला जुरासिक पार्क आला तवा बाबानं कापसाच्या चुकाऱ्यातून पैसे काढून आमाले नेलं होतं. त्या तीन घंट्यांत बाबाले सावकार आठवला नाई. सिनेमा असा पायजे. मले वावर विसरायचं हाये, अन् तुमी तेच पडद्यावर आनाले निंगाले.

अन् बियान्याचं मनाल त त्याच्यावर सिनेमा काढाची गरजच नाई. २०१७ ले आमच्याकडं येऊन पाहाचं होतं. बीटी कापसाचं बियानं मनून पाकीट घेतलं, अळी येनार नाई मनून सांगतलं, अन् बोंड फोडलं का आत गुलाबी अळी. सारी पऱ्हाटी, म्हंजे उभा कापूस, उपटून फेकली. त्याच साली आमच्या जिल्ह्यात फवारनीच्या विषबाधेनं वीसच्या वर मानसं गेली. त्यात मजुरी करनारेच जास्त. त्याचा सिनेमा कोनी काढला?

कृषी केंद्र मेहकर

सिनेमाबद्दल मला फार बोलायचं नाही, पण बियाण्याला शिव्या पडल्या की गप्प बसवत नाही. २००२ ला बीटी आलं तेव्हा हिरव्या बोंडअळीनं शेतकरी बेजार होता. ती अळी बीटीनं आवरली की नाही? मग गुलाबी अळी का माजली? पाकिटासोबत वेगळं रेफ्युजीचं बियाणं यायचं, बिगर-बीटी, कडेनं लावायला. किती जणांनी लावलं? माझ्या दुकानासमोरच्या नालीत ती पाकिटं पडलेली असायची. कडेच्या झाडांवर साधी अळी जगायची, ती बीटी पचवणाऱ्या अळीशी संकरित व्हायची, म्हणून अळीची प्रतिकारशक्ती हळू वाढायची. ते सोडून दिलं. वरून फरदड. डिसेंबरात पऱ्हाटी उपटायची ती पाणी देऊन मार्च-एप्रिलपर्यंत उभी ठेवायची. अळीला बारमाही जेवण मिळालं. नुकसान खरं आहे, पण सगळा दोष पाकिटावर टाकू नका.

पऱ्हाटी राळेगाव

फरदड कोन घेते? ज्याच्या वावरात पानी हाये तो. माह्यं वावर कोरडवाहू. डिसेंबरात आमची उलंगवाडी, म्हंजे कापसाची शेवटची येचनी, होऊन जाते. ओलितवाल्याच्या वावरातून अळी माह्या वावरात आली, अन् तुमी मले शिकवता? रेफ्युजी कायले लावाची हे आमाले समजावून सांगतलं कोनी? दुकानदार मने, “हे बी घेऊन जा, फुकट हाये.” फुकटची वस्तू मानूस फेकनारच. शेवटी तेच बियानं पाकिटातच मिसळून द्याची पद्धत आली, म्हंजे दोन पाकिटाचा धंदा जमत नाई हे त्यायलेबी समजलंच ना? मंग आमाले अडानी काहून ठरवता?

कृषी केंद्र मेहकर

अडाणी म्हटलं नाही. तुम्ही आवाज चढवताय म्हणून स्पष्ट सांगतो. माझं स्वतःचं सहा एकर कापसाचंच आहे. जूनच्या आधी लागवड करायची नाही, पतंग पकडणारे कामगंध सापळे लावायचे, डोमकळी, म्हणजे अळीनं गुंडाळलेलं फूल, दिसली की तोडून नष्ट करायची, हे मी येईल त्याला सांगतो. दहातले दोघं ऐकतात. आणि अळी जिंकली की बिल घेऊन माझ्याच काउंटरवर येतात.

दुकानदारांनी रेफ्युजी नीट समजावून सांगितली नाही, हे मात्र मान्य. बऱ्याच ठिकाणी सांगितली नाही.

टी-रेक्स दारव्हा

धागा कशाचा होता? दोन दिवसांपासून कापूसच चाललाय. माझा मुद्दा आपोआप सिद्ध झाला. सिनेमात शेती आणली की डायनासोर बाजूला पडतात आणि लोक भांडत बसतात.

वरुडचा संत्रेवाला

भांडतात कारण विषय जिवाचा आहे! ‘रीबर्थ’ पाहून कोण दोन दिवस भांडलं सांगा. मेहकरवाले भाऊ आणि राळेगाववाले भाऊ जे बोलले तेच तर सिनेमात पाहिजे होतं. दोष बनवणाऱ्याचा, विकणाऱ्याचा की पेरणाऱ्याचा? आणि पाणी असलेल्याच्या चुकीचा भुर्दंड कोरडवाहूनं का भरायचा? ‘डोमिनियन’नं प्रश्न उचलला आणि इटलीतल्या डोंगरात नेऊन गाडून टाकला. तिथं तुमच्याशी सहमत आहे, शेवट भिकार होता. पण शेवट भिकार म्हणून प्रश्नच टाकून द्यायचा?

सिरोंचा

मला एक कळत नाही. टी-रेक्स, टी-रेक्स काय चालवलंय? आमच्या सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे, झाडांचे दगड झालेले बुंधे आहेत, किती जणांनी पाहिलं? प्राणहितेच्या पलीकडच्या खडकांत बारापासॉरस नावाचा डायनासोर सापडला, तो खरा जुरासिक काळातला, टी-रेक्सपेक्षा दहा कोटी वर्षांहून जुना. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. गडचिरोलीहून सिरोंचा जवळपास दोनशे किलोमीटर. आमच्या पोरांना हा प्राणी बघायचा तर कोलकात्याला जावं लागतं. सगळ्या मालिकेत भारताच्या वाट्याला काय आलं, तर २०१५ च्या सिनेमात इरफान खान डायनासोर उद्यानाचा मालक. तो होता तोवर बरं वाटलं. पुढचा सिनेमा गोंडवनात करा म्हणावं.

टी-रेक्स दारव्हा

इरफानबद्दल शंभर टक्के. पण बारापासॉरस पाला खाणारा. त्यानं कोण घाबरणार?

कुरखेड्याची

हे वाचून राहवलं नाही. शाकाहारी म्हणून भीती नाही, असं म्हणणाऱ्यानं आमच्याकडं एक रात्र काढावी. २०२१ ला ओडिशाकडचे रानटी हत्ती छत्तीसगडमधून गडचिरोलीत आले. आमच्या घरामागं धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आहेत. हत्ती येतो तेव्हा डरकाळी नसते. आधी कुत्री भुंकायची थांबतात. मग धान उपटल्याचा, चिखलात पाय रुतल्याचा आवाज. सासूबाई, मी आणि दोन पोरं न्हाणीत बसून होतो, कारण तीच एक खोली पक्क्या भिंतीची. त्याला आमच्याशी काही वैर नव्हतं. त्याला धान पाहिजे होतं, आणि मधे आमचं घर होतं. वाघाची भीती वेगळी. वाघ माणसाला टाळतो, आपणही त्याची वाट टाळतो. हत्तीला टाळायला जागाच नाही.

म्हणून मला तुमच्या दोघांचंही पटत नाही. टोळ काय, बेट काय! ही मालिका बिघडली ती नवीन नवीन राक्षस बनवण्यानं. २०१५ ला इंडोमिनस, २०१८ ला इंडोरॅप्टर, आता ‘रीबर्थ’मध्ये तो सहा हातापायांचा डिस्टॉर्टस. दरवेळी मागच्यापेक्षा विचित्र. जिवंत जनावर आहे तेवढं पुरेसं भयानक असतं. ज्यांनी ते कधी जवळून ऐकलं नाही त्यांनाच त्याला जास्तीचे हात लावावेसे वाटतात.

सिरोंचा

ताई, तुम्ही धानाचं म्हणालात म्हणून सांगतो. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या विष्ठेचे जीवाश्म सापडतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्यात गवताचे कण दाखवून दिले. तोवर समज असा होता की डायनासोरच्या काळात गवत जवळजवळ नव्हतंच. पुढं २०११ मध्ये त्यातच भाताच्या कुळातल्या गवताचे कण ओळखले. म्हणजे टायटॅनोसॉर, हे लांब मानेचे अवाढव्य डायनासोर, भाताच्या भावकीतलं गवत खात होते, आणि तेही आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात. ‘रीबर्थ’मध्ये टायटॅनोसॉरचा कळप गवतात चरताना दाखवलाय, लोक फक्त त्याची लांब शेपटी बघत बसले. तोच कळप धानाच्या बांधीत उतरलेला दाखवायला काय हरकत आहे? शास्त्राला धरूनच होईल.

वरुडचा संत्रेवाला

हेच! हेच मी पहिल्यापासून म्हणतोय. विषुववृत्ताच्या पट्ट्यातलं गाव, भात कापणीला आलेला, आणि रात्री कळप उतरतो. कंपनी म्हणते आमचं बेट बंद झालं, आमची जबाबदारी संपली. सरकार म्हणतं तिकडं जायलाच बंदी आहे, मग नुकसान झालंच कसं?

टी-रेक्स दारव्हा

तुमचं पहिल्यापासून टोळाचं चाललं होतं काका, कळपाचं नाही. श्रेय कुरखेड्याच्या ताईंना द्या.

ताई, कुत्री भुंकायची थांबतात हे वाचून मी दोनदा थांबलो. पहिल्या सिनेमातल्या पाण्याच्या ग्लासाचं काम ते करेल, हे मान्य करावं लागतं. संकरित राक्षस नकोत, हेही मान्य. विषुववृत्तावरच्या माणसांचा मुद्दा मला आधी सुचला नव्हता, तो रास्त आहे. पण कंपनी, भरपाई, पंचनामा यावर अर्धा तास गेला तर मी उठून जाईन. आणि शेवटी माणसं पळालीच पाहिजेत.

कुरखेड्याची

पळायला वाट ठेवलेली असते का ते आधी बघा. आमच्या गावात एकच रस्ता आहे आणि तो बांध्यांतूनच जातो. पंचनामा तुम्हाला कंटाळवाणा वाटतो, पण हत्ती गेल्यावर आमची खरी गोष्ट तिथंच सुरू झाली. नुकसान हत्तीनंच केलं हे सिद्ध करायला उपटलेलं धान तसंच ठेवावं लागलं. ते उचलता येईना, कापता येईना. माणसं येऊन बघून जाईपर्यंत ते सडलं. तुमच्या सिनेमात हे अर्धा तास नको, दोन मिनिटं दाखवा. पण दाखवा.

पऱ्हाटी राळेगाव

ताई, रानडुकराचंबी असंच हाये, झटका मशीन लावून थकलो. तुमचा हत्तीवानी डायनासोर चालते मले, मोठं जनावर हाये, पोट्टे घेऊन जाईन. टोळ नको, अळी नको.

अन् मेहकरवाले भाऊ, तुमी पह्यले ते सांगा, यंदाच्या पाकिटात रेफ्युजी मिसळलेली हाये का नाई? अन् ते कोन तपासते?