ॲसिटिलीनमध्ये 'लीन' कसं आलं?

मुलीचं विज्ञान घेत होते, त्यात इथेन, इथीन, इथाईन असं ओळीने आलं आणि इथाईनलाच ॲसिटिलीन म्हणतात असं दिलंय. पण इथीनचं जुनं नाव इथिलीन ना, त्यात डबल बाँड. मग ॲसिटिलीनमध्ये पण 'लीन' असून ट्रिपल बाँड कसा? मराठीत काही शब्द आहे का याला?

—

नावच फसवं आहे हो. हा वायू एडमंड डेव्हीला 1836 मध्ये सापडला, ॲसिटिलीन हे नाव बर्थेलोने 1860 मध्ये दिलं, म्हणजे ईन-आईनचे नियम ठरायच्या आधीचं. ॲसिटमचा लॅटिन अर्थ व्हिनेगर, पण या वायूत फक्त दोन कार्बन नि दोन हायड्रोजन, ऑक्सिजनचा पत्ता नाही. मराठी शब्द वायूला नाही, बंधाला आहे, तिहेरी बंध. मला तिपदरी जास्त आवडलं असतं.

—

वर्कशॉपमध्ये यातलं एकही नाव चालत नाही, आम्ही 'डीए' म्हणतो. डिझॉल्व्ड ॲसिटिलीन, कारण मरून रंगाच्या सिलिंडरमध्ये गॅस नुसता दाबून भरला तर स्फोट होतो म्हणून आत सच्छिद्र मसाला आणि ॲसिटोन असतं, त्यात तो विरघळवतात. ऑक्सिजनबरोबर ज्योत 3000 डिग्रीच्या वर जाते. तांब्याचा पाइप मात्र लावायचा नाही, त्याच्याशी गॅसचं स्फोटक संयुग होतं.

—

आमच्याकडे गॅसबत्ती असायची ती हीच का? कार्बाईडवर पाणी टाकलं की गॅस निघतो ना?

—

गॅसबत्ती म्हणजे रॉकेलची, पंप मारायची, मँटलवाली. कार्बाईडचा दिवा वेगळा, त्यात वरून थेंब थेंब पाणी पडतं, गॅस पेटतो आणि खाली चुन्याचा लगदा उरतो. लसणासारखा वास येतो तो गॅसचा नाही, कार्बाईडमधल्या भेसळीतून फॉस्फिन निघतं त्याचा, शुद्ध ॲसिटिलीनला वास नसतो.

—

मग आंब्याच्या पेटीत पुड्या टाकतात त्या?

—

त्याच. पेटीतल्या ओलाव्याने ॲसिटिलीन सुटतो आणि फळाला तो इथिलीनसारखा वाटतो, म्हणजे फळसुद्धा 'लीन'ला फसतं बघा 😄 कार्बाईडवर बंदी आहे, त्यात आर्सेनिक असू शकतं. इथिलीन वायूने पिकवायला मात्र परवानगी आहे, तेव्हा लेबलवर इथिलीन दिसलं म्हणून लगेच ओरडू नका. अढीतला आंबा पण स्वतःच्या इथिलीननेच पिकतो.

—

धन्यवाद सगळ्यांना. मुलगी म्हणते परीक्षेत इथाईनच लिहिणार, ॲसिटिलीनचा ॲ लिहिताना चंद्र राहतो.