आरशात बरी दिसते, फोटोत मात्र कोण दुसरीच! बायोडाटाच्या फोटोसाठी सल्ला हवाय

सातारची_पोर
नमस्कार मंडळी, घरात स्थळं बघायला सुरुवात झालीय त्यामुळं बायोडाटाला फोटो पाहिजे. प्रॉब्लेम असा की आरशात मी ठीकठाक दिसते, म्हणजे अगदी हिरॉईन नाही पण बरी, आणि फोटो काढला की नाक हे एवढं, एक डोळा बारीक, तोंड एका बाजूला कललेलं. सेल्फीचं तर विचारूच नका. आई मला इथल्याच एका स्टुडिओत घेऊन गेली, तर त्यांनी एवढी गोरी करून ठेवली की आत्यानं व्हॉट्सॲपवर बघून विचारलं, ही कोण गं? मी सावळी आहे, मला त्याचं काही नाही, पण आईला नेमका तोच फोटो आवडलाय, म्हणते सगळेच असं करतात. तर खरी मी कुठली, आरशातली का फोटोतली? आणि घरच्या घरी मोबाईलवर बरा फोटो कसा काढायचा? भावाचा फोन चांगला आहे पण तो अगदी तोंडाजवळ फोन आणतो, क्लिक करतो आणि मोकळा होतो.

कृष्णाकाठचा_फोटोवाला
ताई, निम्मं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच हाय की ओ. मी सांगलीत लग्नाच्या ऑर्डरी करतो, ही तक्रार रोजची. फोन एक फुटावर असला की नाक कॅमेऱ्याला लई जवळ आणि कान त्या मानानं बरेच लांब, मग नाक फुगणार आणि कान मागं पळणार, त्यात तुमच्या नाकाचा काय दोष? २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणितच मांडलं होतं, १२ इंचांवरनं काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. प्लास्टिक सर्जरी करणारे डॉक्टर होते ते, कारण लोक सेल्फी दाखवून नाक बारीक करून द्या म्हणायला लागले होते. लोक लेन्सला शिव्या घालतात पण सगळा खेळ अंतराचा. भावाला सांगा, सहा-सात फूट मागं सरक आणि मग २एक्स झूम लाव. आणि फोन तुमच्या डोळ्याच्या लेव्हलला धरायचा, तो उंच असला तर जरा वाकू दे, नाहीतर नुसतं कपाळच मोठं येतंय.

दुसरं म्हणजे मोबाईलची लेन्स वाइड असते, कडेला जे येईल ते ताणलं जातं. ग्रुप फोटोत टोकाला उभ्या राहिलेल्या मामी दर लग्नात मला बोलतात, "मला जाड केलंस रे", आणि मामींना मध्ये घ्यावं तर तिथं नवरानवरी. तुम्ही एकट्याच आहात, तेव्हा चेहरा फ्रेमच्या मधोमध घ्या, विषय संपला.

उजेडाचं सांगतो. दुपारी गच्चीवर अजिबात नको, डोळ्याखाली खड्डे दिसतात. दारात उंबऱ्याच्या आत, सावलीत, बाहेर तोंड करून उभं राहायचं. घरातली ट्यूबलाइट बंद, नाहीतर अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्याच.

मिरजेचे_मास्तर
फोटोवाले दादांनी नाकाचं सांगितलं, मी कललेल्या तोंडाचं सांगतो. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. आरशात आपण जन्मभर उलटा चेहरा बघतो, भांग डावीकडं असेल तर आरशातही तो डाव्याच हाताला दिसतो, पण समोरून बघणाऱ्याला आणि कॅमेऱ्याला उजव्या हाताला. मग फोटोत सगळंच वाकडं वाटतं. १९७७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी बायकांना त्यांच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशासारखी उलटी. बायकांना बहुतेक वेळा उलटी आवडली, त्यांच्या मैत्रिणींना सरळ. ज्याला जी बाजू सवयीची त्याला ती बरी वाटते. पटत नसेल तर भावाचाच फोटो मोबाईलमध्ये फ्लिप करून बघा, तुम्हाला तो चमत्कारिक दिसेल आणि त्याला स्वतःला झकास वाटेल.

आणखी एक, आरशापुढं आपण हलत असतो, नकळत मान वळवून बरी बाजू पुढं करतो. फोटोत ते जमत नाही, पापणी अर्धी मिटलेली असेल तर ती तशीच राहते. म्हणून भावाला एकच क्लिक करू देऊ नका, बोलत बोलत भरपूर काढायला लावा. आणि कुठला ठेवायचा ते तुम्ही ठरवू नका, मैत्रिणीला निवडू द्या. खरी तुम्ही कुठली म्हणाल तर मैत्रिणीला दिसते ती, कारण तुम्हाला रोज समोरून बघणारी तीच आहे.

रांगडा_कराडकर
आवं एवढा अभ्यास एमपीएससीला केला असता तर पास झाला असता सगळे 😂 पोरगं बघायला येणारच हाय की समोर.

वाईची_वहिनी
भाऊ, बघायला येणारच आहे म्हणूनच तर! आमच्या नात्यात एका मुलीचा असाच गोरा केलेला फोटो पाठवला होता, कांदेपोह्याला आलेली मंडळी तिच्याकडं कमी आणि मोबाईलकडं जास्त बघत होती, पोरीला काय वाटलं असेल सांगा. दादा, मला एक कळत नाही, न सांगता गोरं का करतात ओ हे लोक?
ताई, कपड्याचं माझं मत. स्टुडिओत देतात तसला फिक्कट गुलाबी दुपट्टा नको. सावळ्या रंगाला मोरपंखी, आमसुली, हळदीचा गडद पिवळा काय खुलतो! गळ्यात एकच बारीक काहीतरी. आणि रोज वेणी घालत असशील तर वेणीच घाल, फोटोसाठी केस मोकळे सोडून उगाच दुसरीच होऊ नकोस.

कृष्णाकाठचा_फोटोवाला
वहिनी, गिऱ्हाईक मागतंय म्हणून करतात, नाही केलं तर काळा आला म्हणून पैसे देत न्हाईत. पण रोग जुना हाय. रोलच्या जमान्यात कोडॅकची लॅबमध्ये रंग जुळवायची कार्डं असायची, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो, तिचा रंग बरोबर आला म्हणजे सगळं बरोबर. सावळी माणसं मग मातकट नाहीतर काळीठिक्कर. आता मोबाईलमध्ये उलटं झालंय, चेहरा गोरा करणारा ब्युटी मोड बऱ्याच फोनात न विचारता चालू असतो. तेवढं आपल्या हातात हाय, ताई तो आधी बंद करा. मागं पांढरी भिंत नको, फोन पांढऱ्याला बघून चेहरा काळा करतोय. चेहऱ्यावर बोट टेकवायचं, शेजारी सूर्याची खूण येते ती गरज असेल तशी वरखाली करायची.

सातारची_पोर
दादा, मास्तर, वहिनी, खूप थँक्स. भावाला दाराबाहेर सात फूट लांब उभा केला, आधी कुरकुरला, आता स्वतःचेच काढून घेतोय. नाक खरंच कमी झालं!! निवडायचं काम मैत्रिणीकडं दिलंय. आईचं म्हणणं अजून तेच, की तो स्टुडिओवाला "जरा उजळ" आहे, त्यामुळं आत्याला फोन लावलाय, आता त्या दोघींचं चाललंय. वहिनी, मोरपंखीला काठ जरीचे चालतील का?

वाईची_वहिनी
बारीक असतील तर चालतील. रुंद जरीवर ऊन पडलं की चमक मारते, सावलीतच उभी राहा.