मदत हवी आहे: उशिरा मूल झालं म्हणून ऑटिझम होतो का?
आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. माझ्या थोरल्या जावेचा मुलगा अडीच वर्षांचा, हाक मारली तरी बघत नाही, खेळण्यातल्या गाडीचं एकच चाक फिरवत बसतो, डॉक्टरांनी ऑटिझमची शंका सांगितली आणि घरात सगळे तिच्यावरच घसरले की चाळिशीत पोर झालं म्हणून. अहो पण भाऊजी पण 43 चे होते ना! 2015 च्या पाच देशांतल्या अभ्यासात विशीतल्या आईबापांपेक्षा चाळिशीतल्या आयांच्या मुलांत प्रमाण 15 टक्के जास्त निघालं आणि चाळिशीतल्या बापांच्या मुलांत 28 टक्के, आणि तरी बहुतेकांची मुलं नॉर्मलच असतात. सासूबाईंना हे कसं समजावू? आणि सांगली-मिरजेत स्पीच थेरपी चांगली कुठं होते, सिव्हिलचा कुणाला अनुभव आहे का, प्लीज लवकर सांगा, पोराचा वेळ जायला नको.